कडब्यातली लारी

सोमवार, १२ जुलै १९४८

पत्र्याला बोट लावलं आणि बोट आत गेलं!

आत म्हणजे आरपार. लारीच्या पुढच्या बैठकीखालचा पत्रा, डाव्या बाजूचा – राजूबाईला, माझ्या जावेला, जिथं बसवायचं ठरलंय, नेमका तिथला. पापडासारखा मोडला. बोटाला तांबूस भुकटी लागली. भोकातून खालची जमीन दिसत होती. मी तशीच बसून राहिले, वर पाऊस पडत होता.

जाताना हे सांगून गेले, "लारी नीट संभाळ. येळ आली की श्रीमंत चालवील, समदे सोलापूर गाठा." बस्स, एवढंच! आणि सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जाऊन बसले, निजामाविरुद्ध बंदूक शिकायला. लारी सांभाळ म्हणे. म्हैस असती तर सांभाळली असती. लोखंड कसं सांभाळायचं ते कुणी सांगायचं?

गावाला वाटतं की लारी आम्ही सोलापुरात विकून टाकली. रझाकारांनी हुलसुरातल्या लाऱ्या ओढून नेल्या, तेव्हा मामंजींनी ही युक्ती काढली. लारी मळ्यात नेली, चाकांखाली शहाबादी फरशा सरकवल्या आणि चारी बाजूंनी, वरूनही, कडबा रचला. बाहेरून बघणाऱ्याला नुसती कडब्याची बणीम. मागच्या बाजूच्या चार पेंढ्या ओढल्या की वाकून आत जाता येतं. पेट्रोलचा डबाही आतच पुरलाय. हे ठाऊक आहे ते घरातल्यांना – मामंजी, माझे दीर श्रीमंत, त्यांची राजूबाई, मी. आणि हुलसुराच्या मौलासाब मिस्त्रीला. फरशांवर लारी चढवायला त्याला बोलवावंच लागलं.

त्याचा मेहुणा कल्याणीत रझाकारांत आहे म्हणतात. मौलासाब आमच्याकडं दहा वर्षं येतो, पण आताचे दिवस वेगळे. मला त्या माणसाची भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

बुधवार, १४ जुलै

भाऊजींना भोक दाखवलं. तर हसतात कसे – "बरंच झालं की वैनी, राजूला पाय खाली सोडून बसता यील!" हातात विळा होता, तो आवरला मी.

राजूबाईला सातवा लागलाय. मागच्या खेपेला माहेराहून बैलगाडीनं आली आणि वाटेतच सगळं गेलं. तेव्हापासून बैलगाडीचं नाव काढलं तरी पोरगी पोटावर हात ठेवते. म्हणून तर लारी ठेवलीय. उद्या गावावर धाड आली तर आम्ही रानोमाळ पळू, झुडपात लपू. ती कुठं पळणार? तिच्यासाठी ही गाडी चालायला हवी, आणि तिच्या पायाखालचा पत्रा टिकायला हवा. मला दुसरं काही नको.

शनिवार, १७ जुलै

शेवटी मौलासाबलाच बोलावलं. इलाज नव्हता. मोटेचं कडं सांधायचंय असा निरोप दिला – पावसाळ्यात मोट रिकामी असते, कुणाला संशय येत नाही.

आत शिरला, मागच्या हौद्याच्या फळ्या उचलून बघितल्या आणि डोक्याला हात लावला.

"अक्का, ये क्या है? शेण?"

मी म्हटलं, सारवण आहे ते. धान्य भरायच्या आधी आम्ही हौदा सारवून घेतो. फटीतून ज्वारी सांडत नाही, आणि शुद्धही राहतं. घरात सारवत नाही का आपण?

"नक्को अक्का, नक्को! भुईला शेण बरं. लोखंडाला शेण म्हंजे जहर. पानी धरून बसतंय ते!"

सारवणाचा पोपडा काढला तर खालच्या लोखंडी पट्ट्यांवर खपल्याच खपल्या. मला ओशाळं वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. म्हटलं, "आन् वरून ताडपत्री घट्ट आवळायला कुणी सांगितलं मौलाभाई? तुम्हीच की! हात लावून बघा. लारीला घाम फुटलाय."

त्यानं हात लावला. ताडपत्रीच्या आतून थेंब गळत होते. ओला हात पुसत म्हणाला, "हौ. वो मेरी गलती."

मग दोघं जरा हसलो. ताडपत्री सोडली, खांबांवर उंच बांधली, म्हणजे खालून वारा खेळेल. आता सगळा गंज खरवडायचा, फडक्यानं कोरडं करायचं, आणि मग जवसाच्या तेलात शेंदूर खलून दोन हात द्यायचे. हैद्राबादच्या मोटारखान्यात लाल रंग देतात तो हाच म्हणाला. भोकावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा रिबिट करून देईन म्हणाला.

जाताना बणिमीकडं वळून वळून बघत होता. कामून बघत असेल?

सोमवार, १९ जुलै

खरवडते आहे. विटेचा तुकडा, जुना विळा, नारळाची शेंडी. आवाज केवढा होतो! खर्र – खर्र – आणि प्रत्येक खर्रला मी थांबते, कान देते. पाऊस धो धो लागला की बिनधास्त हात चालतो. पाऊस थांबला की मीही थांबते.

दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला. मातीनं बुजली होती. काडीनं मोकळी केली, तर दारातून तांब्याभर लाल पाणी गळलं. त्यावर लगेच माती ओढली.

रविवार, २५ जुलै

ऊन पडलं. ऊन पडलं की माणसं रानात येतात, आणि पाऊस पडला की लोखंडाला पाणी सुटतं. कशाला भ्यावं तेच कळेना.

शनिवार, ३१ जुलै

सकाळी ओढ्यापलीकडच्या वाटेनं गाड्या गेल्या. बायका, पोरं, कोंबड्यांच्या पाट्या, एक आंधळी म्हातारी. मामंजींनी विचारलं तर एकजण म्हणाला, "घरं जाळली. धान्य नेलं. मानसं मारली." एवढंच बोलला आणि बैलाच्या शेपटीला हात घातला.

राजूबाई ओसरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडं बघून विचारलं, "जाऊबाई, लारी चालू होती का वो?" मी म्हटलं, होते की! अजून पत्रा उघडाच आहे आणि मी म्हणते होते की. जीभ झडली नाही माझी.

दुपारी ढग गडगडले, तेव्हा भाऊजींनी हँडल मारलं. त्यांनी ही चांगली शक्कल काढलीय – गडगडाटातच इंजिन सुरू करून बघायचं. पहिल्या गडगडाटाला नुसतं खोकलं. दुसऱ्याला खोकलं. तिसऱ्याला लागलं! दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पण गडगडाट संपला आणि इंजिन चालूच! भाऊजींची बंद करताना तारांबळ उडाली.

शनिवार, ७ ऑगस्ट

आजचं लिहायलाच हवं. इतक्या भीतीतही हसू येतं.

गुरुपादय्याच्या दुकानात शेंदूर मागितला. त्यानं पुडी बांधायला घेतली. मी म्हटलं पुडी नको, तांब्या भरून द्या. तो डोळे मोठे करून बघायला लागला. "येवढा कामून ओ बाई?" तोंडातून निघून गेलं, "मारुतीला चोळा चढवायचाय. नवस आहे."

झालं! गुरुपादय्या असा खूश झाला की त्यानं गावभर सांगितलं. श्रावणातला पहिला शनिवार, देवळापुढं ही गर्दी. सगळे वाट बघत – कमलबाईचा चोळा कधी चढतो म्हणून. आता काय करता? भाऊजी कानाशी कुजबुजले, "वैनी, देवाला पातळ लावा, लारीला घट्ट ठेवा." अर्धा शेंदूर मारुतीला गेला. उरलेला पदराखाली धरून मळ्यात नेला.

तेलात खलला, चिंध्यांच्या बोळ्यानं लारीच्या पोटाला लावला. उताणी पडून. डोळ्यांत, केसांत, सगळीकडं शेंदूर. वर लाल पट्ट्या दिसायला लागल्या तेव्हा बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं. मारुतीराया, ह्यात तुझी फसवणूक नाही. तू गावाला राख, ही राजूबाईला राखील.

मौलासाबनं डब्याचा पत्रा बसवून दिला. मी वर उभी राहून उड्या मारून बघितल्या. टिकला. पैसे घेईना. मला पैसे न घेणाऱ्या माणसाची जास्तच धास्ती.

रविवार, ८ ऑगस्ट

आज ईद झाली असणार. दरवर्षी जैनबीकडून, मौलासाबच्या बायकोकडून, कोरड्या शेवया, साखर, खोबरं येतं. यंदा आलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मंगळवार, १० ऑगस्ट

पंचमी. बणिमीजवळच्या वारुळाला दूध, लाह्या वाहिल्या. तेवढ्यावरून येणं-जाणं झालं.

हवा इतकी ओली आहे की शेंदूर वाळेना. मग मला सुचलं – चुनकळी! न विरवलेला चुना हवेतलं पाणी ओढून घेतो, उघडा ठेवला की आपोआप फुलून भुगा होतो, बघतोच की आपण. गाडग्यात चुनकळी भरून बैठकीवर ठेवली. कुणालाही विचारलं नाही. अक्कल माझीच!

गुरुवार, १२ ऑगस्ट

तळवा भाजलाय. अक्षर असंच येणार.

सकाळी मळ्यात भाजी खुडत होते. काल जोराचा पाऊस झाला होता, आज उघडीप. मान वर केली तर बणिमीच्या शेंड्यातून धूर! पांढरा, सरळ वर. आधी वाटलं आग लागली. मग लक्षात आलं – कुठूनतरी गळती लागली, पाणी चुनकळीवर पडलं आणि चुना पेटल्यासारखा विरतोय. ही वाफ!

तेवढ्यात ओढ्याकडून माणसं आली. खाकी कपड्यांतली, खांद्यावर बंदुका, एकाच्या हातात बरची. त्यांची मोटार चिखलात रुतली होती, आणि ती काढायला सोबत धरून आणला होता मौलासाबला! त्याला बघितलं आणि मला वाटलं, संपलं. आता हा बोट दाखवणार.

पुढारी होता त्यानं विचारलं, "ये धुआँ कायका है?"

मी कशीबशी म्हटलं, "कडबा ओला झाला मालक. तापलाय."

"तो फिर खोलो इसको. आग लगेगी." आणि बरचीवाल्यानं बरची आत खुपसली. पत्र्यावर टण् वाजलं असं मला वाटलं. वाजलं की नाही देव जाणे. त्याच वेळी मौलासाबला खोकल्याची मोठी उबळ आली.

खोकून झाल्यावर तो पुढं झाला. कडब्यात हात घातला, झटकन काढला. म्हणाला, "हाथ नक्को डालो साब! नाग है अंदर. वो देखो बांबी. परसों इनकी पंचमी हुई, यहींच दूध रखे ये लोगां. सांप के घर को हाथ नै लगाते. सड जाता कडबा, फिर भी नै निकालते."

पुढाऱ्यानं वारूळ बघितलं. लाह्या बघितल्या. दोन पावलं मागं सरला. बरचीवाला तर केव्हाच मागं सरला होता. हसत हसत निघून गेले. जाताना मौलासाबनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

ते ओढ्यापार गेल्यावर मी आत शिरले. गाडगं फुटलं होतं, बैठकीवर पांढरा रेंदा, चटका बसत होता. पेंढीला धग लागली असती तर लारी गेली असती, कडबा गेला असता, आणि आम्हीही. उचलताना तळवा भाजला. शेंदराचा थर मात्र धरून आहे.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

घरात तीन मतं. भाऊजी म्हणतात, "देवमानूस हाय त्यो." मामंजी म्हणतात, "आज नाग हाय म्हनला. उद्या नाग न्हाई म्हनला, तर?" राजूबाई म्हणते, "मामंजी, सांगायचं असतं तर कालच सांगितलं असतं की."

मला रात्री तिघांचंही पटतं. सकाळी फक्त मामंजींचं पटतं.

रविवार, २९ ऑगस्ट

लोखंड कोरडं! सगळीकडं बोट फिरवून बघितलं, बोटाला काही लागत नाही. दारं थोडी उघडी ठेवते, वारा लागतो. बिजागऱ्यांत करडीचं तेल सोडलंय.

धनगराचा बिराप्पा मेंढरं घेऊन सरहद्दीकडून आला. ह्यांचा तोंडी निरोप. ह्यांचे आतेभाऊ अंकुशराव कॅम्पावरच्या चकमकीत गेले. ह्यांच्या मांडीवर जीव गेला. बिराप्पा म्हणाला, "राघोबा रडत न्हाई, जेवत न्हाई. म्हनतो, एकेकाला बघूनच घरी यीन."

अंकुशराव आमच्या लग्नात ह्यांचे करवले होते. किती थट्टा करायचे! मी खूप रडले. हे कधी येतील? एकदा समोर येऊन उभे राहिले की मी काही मागणार नाही. जेवायला घालीन, डोकं दाबून देईन, तेव्हा रडतील.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

पोळा. बैलांना शिंगं रंगवून ओवाळलं. थोडं तेल लारीच्या चाकांनाही लावून आले. तीही राबायची आहे.

सोमवार, १३ सप्टेंबर

विमानं! डोक्यावरून गेली. हिंदुस्थानचं सैन्य निघालं म्हणतात, सोलापूरकडून, सडकेनं. गावातली माणसं घरात शिरून दारं लावून बसलीत.

आणि राजूबाईच्या कळा सुरू झाल्यात. भाऊजी मळ्याकडं धावले लारी काढायला. मामंजींनी वाटेतच धरलं – "कुठं नेतूस? सडकंवर लढाई हाय!" इतके दिवस जपलेली लारी आज बाहेर काढता येत नाही. देवा.

मंगळवार, १४ सप्टेंबर

मुलगी झाली. घरातच. दोघी सुखरूप.

लारी लागलीच नाही.

शनिवार, १८ सप्टेंबर

निजामानं शरणागती पत्करली! गुरुपादय्यानं गूळ वाटला. लोक नाचले. मामंजी ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी दार सताड उघडं टाकून बसले, नुसती. किती महिन्यांनी!

हे येणार. आता भ्यायचं कारण नाही.

सोमवार, २० सप्टेंबर

कालपासून हुलसुराकडं धूर दिसतो. भाऊजी जाऊन आले. तोंड उतरलेलं. "मुसलमानाचा मोहल्ला जळायलाय वैनी. आपलीच मानसं. काही भायरगावची, काही वळखीची." मी विचारलं, मौलासाब? म्हणाले, घर जळालंय, माणसं दिसली नाहीत.

मी मळ्यात गेले. लारी आता बाहेर काढायला हरकत नाही, निदान वारा तरी द्यावा म्हणून. पेंढ्या ओढल्या, वाकून आत शिरले, दार उघडलं.

आत जैनबी.

राजूबाईच्या जागेवर. मांडीवर एक लेकरू, पायाशी दोन. तिनं धाकट्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. मी ओरडणार, तेवढ्यात हौद्यातून आवाज आला, "अक्का, वरडू नका." मौलासाब पोत्यांवर पडला होता. कानापासून मानेपर्यंत रक्त वाळलेलं.

"दुसरी जागा ठाऊक न्हाई आम्हाला," कसाबसा उठून बसत म्हणाला.

उन्हाळ्यापासून ह्याला ही जागा ठाऊक होती. मी सबंध पावसाळा ह्याच्या भीतीत काढला, आणि आज तो माझ्यापुढं हात जोडून बसला होता. मला त्याच्याकडं बघवेना.

पेंढ्या परत लावल्या. भाजीच्या पाटीतून भाकरी, पाणी, हळद नेऊन दिली. येताना रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाच्या हातात काय आहे ते बघत आले. आपल्याच गावात, आपल्याच माणसांच्या.

मंगळवार, २१ सप्टेंबर

हे आले!

बंदूक, दाढी, गळ्यात झेंडूचे हार, मागं दहा-बारा माणसं. मी पायावर डोकं ठेवलं. पुतणीला घेतलं, तिच्या मुठीत बोट दिलं. "कामून रडायलीस? आलो की," म्हणाले. पिठलं-भाकरी जेवले. मी वाढत होते आणि वाटत होतं, हेच बघायला जगले.

मग विचारलं, "लारी कशी हाय?"

मी म्हटलं, गंजलीय. पत्रा सडलाय, चालणार नाही. ह्यांच्यापुढं मी आजवर खोटं बोलले नव्हते. पण ह्यांच्याबरोबरचा एकजण हसला, "श्रीमंता म्हनला की वैनींनी सोन्यासारकी राखली म्हनून!" भाऊजी गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. कुणापाशी तरी कौतुक केलं होतं बिचाऱ्यांनी, त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं.

"चांगलं केलीस," हे म्हणाले. मी थट्टा करतेय असं वाटलं ह्यांना, पाठीवरून हात फिरवला. "उद्या उजाडलं की काढू. हुलसुरात ऱ्हायलेलं बघायचं, मग पुढली गावं. ह्येवढी मानसं चालत कुठवर जातील?" आणि मग, पाणी पिता पिता, "त्यो मौलासाब कुठं लपलाय, कुणाला ठाऊक हाय का? त्याचा मेहुना व्हता त्यांच्यात."

मी म्हटलं, "त्यानं आपल्याला वाचवलं वो! बरची घुसली होती कडब्यात, त्यानं–"

"अंकुशला कुनी वाचवलं?"

असं म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत मी कुठंच नव्हते. नंतर माणसं त्यांना चावडीवर घेऊन गेली. भजन आहे, सत्कार आहे.

मी भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. भिंतीला टेकून म्हणाले, "दादा मला चिरून टाकील वैनी." मामंजी दिवा बारीक करून दाराशी जाऊन बसले.

बोलली ती राजूबाई. बाजेवरून, लेकीला पाजता पाजता. "लारी माज्यासाठी ठिवली व्हती नव्हं? मंग मी म्हनते. नेऊन सोडा त्यांला."

बुधवार, २२ सप्टेंबर

चावडीवर भजन चालूच होतं, उजाडायच्या आत लारी गेली. पहिल्याच हँडलला लागली. भाऊजी चालवायला, जैनबी आणि लेकरं पुढं, मौलासाब हौद्यात पोत्यांखाली. हुमनाबादला लष्कराचा तळ आहे, तिथवर पोचायचं, मग मैलूरला त्याच्या बहिणीकडं. पोचले की नाही, काही कळायला मार्ग नाही.

हे माणसं घेऊन मळ्यात गेले होते. परत येताना इथून दिसतात. सगळा पावसाळा मी ह्याच वाटेकडं बघत बसले होते, हे कधी येतील म्हणून. आता येतायत, आणि मी आतून कडी लावलीय.